टीव्हीतून वास येतो, डासही पळतात! हा जोक आहे की फीचर?

टीव्ही घेताना ज्या फीचर्सची आपण चेष्टा करतो, त्यातली किती आधीच बाजारात येऊन गेली आहेत? आणि तुमच्या भिंतीवरच्या टीव्हीत त्यातली किती आत्ता चालू आहेत?

१ एप्रिलच्या सकाळी मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक जाहिरात टाकली. पाडव्याच्या खरेदीचे दिवस होते, पेपरात पानपानभर टीव्हीच्या ऑफर्स येत होत्या. म्हटलं, आपणही एक टीव्ही काढू. नाव ठेवलं ‘सिनेसम्राट ५५ इंच’. लाल-पिवळ्या रंगात, भरपूर उद्गारचिन्हं टाकून त्याची सात फीचर्स लिहिली.

सिनेमात बिर्याणी शिजत असेल तर घरात तिचा वास दरवळेल. वासाने भागत नसेल तर पडदा चाटून चव बघा. जाहिरात लागली की उभं राहायचं, हात वर करायचे आणि त्या ब्रँडचं नाव ओरडायचं, की जाहिरात बंद. टीव्ही चालू असेपर्यंत डास जवळ फिरकणार नाहीत. कॅमेऱ्याने जी चित्रं टिपलीच नाहीत, तीही टीव्ही स्वतः बनवून सिनेमात घालेल. घरात कोण काय बघतं याची बिनचूक नोंद ठेवेल. आणि सातवं, ‘रुमाल अलर्ट’: हिरो मरायच्या पाच मिनिटं आधी टीव्ही बीप देईल, म्हणजे रुमाल आणायला वेळ मिळेल.

वीस मिनिटांत डझनभर हसणारे इमोजी आले. आणि त्यांच्यामध्ये कराडच्या आत्याचा मेसेज: ‘छान आहे गं. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये घेतात का?’

मी हसले. पण त्याच आठवड्यात डेस्कवर टीव्हीच्या विचित्र फीचर्सवर लिहायचं ठरलं आणि शोधाशोध करताना माझं हसू जरा मावळलं. सातपैकी सहा गोष्टी कुणी ना कुणी खरंच केलेल्या निघाल्या. काही प्रयोगशाळेत, काही पेटंटच्या कागदावर, तर काही थेट दुकानात. पूर्णपणे माझ्या मनाची अशी एकच होती. मी ईएनटीसीची इंजिनीअर आहे, तरीही यातल्या दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या. त्यामुळे आत्याला हसायचा मला तसा अधिकार नाही.

नायलॉनचा स्टॉकिंग आणि रंगीत टीव्ही

टीव्हीवरची सगळ्यात झकास थाप मारली गेली ती स्वीडनमध्ये, १ एप्रिल १९६२ रोजी. तेव्हा तिथे सरकारी टीव्हीचं एकच चॅनेल होतं आणि तेही ब्लॅक अँड व्हाइट. चेल स्टेन्सन नावाचे वाहिनीचे तांत्रिक तज्ज्ञ पडद्यावर आले आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की आता घरच्या घरी रंगीत चित्र बघता येईल. बायकोचा नायलॉनचा स्टॉकिंग घ्या, कापा, पडद्यावर ताणून चिकटवा. बारीक जाळीतून प्रकाश वाकतो आणि रंग दिसू लागतात. अंतर नीट जुळवा, डोकं हळूहळू पुढे-मागे हलवत राहा.

लोकांनी स्टॉकिंग कापले. मुलांच्या समोर बाप मंडळी डोकं हलवत बसली. स्वीडनमध्ये नियमित रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते १९७० साली. तारीख कोणती? १ एप्रिलच!

ही थाप खपली, कारण ती अर्धी खरी होती. बारीक जाळीतून जाताना प्रकाश खरंच वाकतो आणि रंग सुटे होतात. पावसाळ्यात रात्री छत्रीच्या कापडातून रस्त्यावरचा दिवा बघा, कडेला इंद्रधनुष्यी रेघा दिसतील. अडचण एवढीच, की निवेदकाच्या टायचा रंग कोणता हे मूळ सिग्नलमध्ये पाठवलेलंच नाही. जी माहिती आलीच नाही ती जाळी कुठून आणणार? हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे बाबांच्या डोळ्यांचा विषय येईल तेव्हा ते परत लागणार आहे.

स्वीडिश लोकांना हसण्याआधी आपल्याकडे बघू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि देशात रंगीत टीव्ही आला १९८२ च्या एशियाडच्या वेळी. मधल्या काळात, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, ज्यांना रंगीत सेट परवडत नव्हता त्यांच्यासाठी बाजारात प्लॅस्टिकची रंगीत शीट मिळायची. वर निळा पट्टा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आभाळ निळं, माणसं गोरी, गवत हिरवं. बातम्या लागल्या की निवेदिकेचं कपाळ निळं आणि गळा हिरवा. स्वीडिश माणूस एक दिवस फुकट फसला, आपण पैसे मोजून शीट आणली. आमच्याकडे ती शीट नंतर माळ्यावरच्या ट्रंकेत अंथरलेली होती.

वास का जमला नाही?

१९६५ साली १ एप्रिललाच बीबीसीने एका ‘प्राध्यापकां’ची मुलाखत दाखवली. त्यांनी म्हणे टीव्हीवरून वास पाठवण्याचं यंत्र शोधलं होतं. स्टुडिओत कॉफी केली, कांदा चिरला आणि प्रेक्षकांना विचारलं, येतोय का वास? वास आल्याचे फोन आले. पुढे मायकल ओ’माहोनी या संशोधकाने असाच प्रकार प्रयोग म्हणून केला. टीव्हीवर आणि रेडिओवर नुसता ध्वनी वाजवून सांगितलं, की याच्या कंपनांमुळे तुम्हाला वास जाणवेल. अनेकांनी वास आल्याचं कळवलं. १९७८ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. माणूस लबाड असतो असं नाही. नाकाला काय यायला हवं हे आधी सांगितलं की मेंदू जमेल तेवढी मदत करतो.

पण वासाचा सिनेमा ही नुसती थाप नव्हती. १९६० साली अमेरिकेत ‘सेंट ऑफ मिस्ट्री’ हा सिनेमा ‘स्मेल-ओ-व्हिजन’मध्ये आला. निर्माता माइक टॉड ज्युनिअर, वासाची यंत्रणा हान्स लाउब यांची. प्रत्येक खुर्चीपर्यंत नळ्या टाकल्या होत्या आणि सिनेमाच्या रिळाबरोबर ठरल्या क्षणी वास सुटायचा. खुनी ओळखायचा तोसुद्धा पाइपच्या तंबाखूच्या वासावरून. आधीच्या वर्षाअखेरीस ‘अरोमारामा’ नावाची एक स्पर्धक पद्धतही येऊन गेली होती, ती थिएटरच्या एसीतून वास सोडायची.

दोन्ही आपटल्या. बाल्कनीत वास उशिरा पोहोचायचा, नळ्यांचा फुसफुस आवाज यायचा. वासाचा ‘सेंट ऑफ मिस्ट्री’ तीनच शहरांत लागला, पुढे तोच सिनेमा वास काढून टाकून दुसऱ्या नावाने दाखवावा लागला.

इथे इंजिनीअरिंगचं कारण साधं आहे. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, म्हणून लाल, हिरवा आणि निळा एवढ्या तीन ठिपक्यांवर टीव्ही जगातले जवळपास सगळे रंग उभे करतो. नाकात गंध ओळखणारे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. तीन रंगांसारखे ‘मूळ वास’ नाहीत, ज्यांच्या मिश्रणातून मोगरा आणि बोंबील दोन्ही बनतील. आणि प्रकाश बंद केला की गेला, वास जात नाही. शेजारच्यांच्या सुकटीचा वास जिन्यात किती वेळ राहतो हे आपल्याला माहीत आहे. तोच न्याय हॉलमधल्या बिर्याणीला.

चाटायच्या टीव्हीवर फार वेळ घालवत नाही. जपानच्या मेइजी विद्यापीठातले प्राध्यापक होमेई मियाशिता यांनी २०२१ मध्ये तो खरंच करून दाखवला. दहा चवींचे डबे, त्यांचा फवारा पडद्यावरच्या स्वच्छ प्लॅस्टिकवर, मग चाटा. तो प्रोटोटाइप आहे, दुकानात विचारू नका.

ब्रँडचं नाव ओरडून जाहिरात बंद करायची कल्पना सोनीच्या एका अमेरिकी पेटंटात आहे, पेटंट मिळालं २०१२ मध्ये. त्यात चित्रही काढलंय: माणूस सोफ्यावरून उठतो, दोन्ही हात वर करतो, बर्गरच्या कंपनीचं नाव ओरडतो आणि जाहिरात संपते. पेटंट म्हणजे उत्पादन नव्हे. कंपन्या शेकडो कल्पना नुसत्या राखून ठेवायला पेटंट घेतात. तरी ते चित्र एकदा बघाच. १ एप्रिलचं वाटतं.

डासवाला टीव्ही तर आपल्यासाठीच आला होता. जून २०१६ मध्ये एलजीने भारतात ‘मॉस्किटो अवे’ टीव्ही आणला, किंमत साधारण २६ ते ४७ हजारांच्या घरात. माणसाच्या कानाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यावरच्या, म्हणजे अल्ट्रासॉनिक ध्वनीने डास दूर राहतात, असा दावा होता आणि चेन्नईजवळच्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेने चाचणी केल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. मात्र अशा अल्ट्रासॉनिक उपकरणांवरच्या दहा प्रत्यक्ष चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २००७ मध्येच आला होता. उपकरण चालू असो वा बंद, अंगावर बसणाऱ्या डासांच्या संख्येत फरक पडत नाही, हा त्याचा निष्कर्ष. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत टीव्हीच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवणं परवडणारं नाही.

बाबांच्या डोळ्यांचा घोळ

आता जोक बाजूला. पाचवं फीचर, न टिपलेली चित्रं बनवून सिनेमात घालणं, हे आज बाजारातल्या बऱ्याच टीव्हींमध्ये आहे आणि अनेकदा ते खोक्यातून चालूच येतं.

आमच्याकडे गेल्या दिवाळीत मोठा टीव्ही आला. त्याच्या दोन महिने आधी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवीन टीव्हीवर त्यांनी पहिल्यांदा लावला ‘पिंजरा’. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा हा सिनेमा बाबांनी लहानपणी पुसेगावच्या यात्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिलेला. अर्ध्या तासात त्यांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी दुसरा सिनेमा, तेच. आम्ही विचारलं तर म्हणाले, ‘काही नाही, कंटाळा आला.’

त्यांनी डॉक्टरांकडे दोन चकरा मारल्या, हे आईने मला नंतर सांगितलं. त्यांना वाटत होतं, डोळ्यात बसवलेल्या लेन्समध्येच दोष आहे. डॉक्टर म्हणत होते, लेन्स उत्तम आहे. बाबा म्हणत होते, ‘मग माणसं खोटी का दिसतात? सिनेमा बघतोय असं वाटतच नाही, शूटिंग बघायला उभा राहिल्यासारखं वाटतं.’ डॉक्टरांनी थेंब लिहून दिले.

लेन्स ठीकच होती. बाबांनी बरोबर ओळखलं होतं, फक्त दोष कुणाचा हे चुकलं होतं.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, आवाज नीट यायचा तर फिल्मचा वेग ठरलेला हवा, म्हणून २४ हा आकडा पक्का झाला. तेव्हापासून आपल्या डोळ्यांना सिनेमाची ती किंचित झटकेदार, किंचित पुसट हालचाल ‘सिनेमा’ म्हणून ओळखीची आहे. सीरियल, बातम्या, क्रिकेट हे व्हिडिओवर सेकंदाला ५० किंवा ६० वेळा टिपलं जात आलं, म्हणून ते जास्त गुळगुळीत दिसतं.

आता १२० हर्ट्झचा टीव्ही घ्या. तो सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करतो. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवायचं, २४ गुणिले ५, हिशेब चुकता. पण ‘मोशन स्मूदिंग’ चालू असेल तर टीव्हीतला प्रोसेसर दोन चित्रांमध्ये काय घडलं असेल याचा अंदाज बांधतो आणि मधली चित्रं स्वतः तयार करतो. हे पूर्ण जोरात चालू असेल तर १२० पैकी २४ चित्रं कॅमेऱ्याची आणि ९६ टीव्हीची. म्हणजे ८० टक्के ‘पिंजरा’ शांतारामबापूंनी टिपलेलाच नाही. संध्याबाईंचा हात डावीकडून उजवीकडे जाताना वाटेत कुठे असेल, हे प्रोसेसरने ठरवलं. वेगवान नाचात हाताभोवती पाण्यासारखी थरथर दिसते, ती अंदाज चुकल्याची खूण. स्टॉकिंगच्या जाळीसारखंच आहे हे. जी माहिती आलीच नाही, ती बनवली जाते. फरक इतकाच, की इथे ती खरोखर दिसते.

ही तक्रार एकट्या बाबांची नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी ‘टॉप गन: मॅव्हरिक’च्या सेटवरून व्हिडिओ टाकून लोकांना हे फीचर बंद करायची विनंती केली होती. पुढच्या वर्षी यूएचडी अलायन्स या उद्योगसंघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, ज्यात असली सगळी सुधारणा एका झटक्यात बंद होते.

मग कंपन्या हे चालू का ठेवतात? एलसीडी पडद्यावर वेगाने हलणारी वस्तू पुसट दिसते. स्मूदिंगने चेंडू किंवा खालून सरकणारी बातम्यांची पट्टी जास्त स्वच्छ दिसते. काहींना सिनेमाही तसाच आवडतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण शोरूममध्ये ओळीने दहा टीव्ही लावलेले असताना जो जास्त चकचकीत आणि जास्त सरसर दिसतो तो विकला जातो, हेही तितकंच खरं. तिथे कुणी ‘पिंजरा’ लावून बघत नाही.

माझा आक्षेप एकच आहे. हे चालू आहे असं खोक्यावर, रिमोटवर, पडद्यावर कुठेही बाबांना कळेल अशा शब्दांत लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे साठी ओलांडलेल्या माणसाने टीव्हीऐवजी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला.

आपण टीव्ही बघतो, टीव्ही आपल्याला

सहावं फीचर, कोण काय बघतं याची नोंद. याचं तांत्रिक नाव एसीआर, ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा छोटा ‘ठसा’ घेतो, सर्व्हरवरच्या संग्रहाशी ताडतो आणि तुम्ही नेमकं काय बघताय ते ओळखतो. ही माहिती जाहिरातीसाठी वापरली जाते.

अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून प्रेक्षकांच्या नीट संमतीशिवाय अशी नोंद गोळा केली, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी ब्रिटन आणि अमेरिकेत सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडून टीव्हीचा नुसता पडदा म्हणून वापर केला, तरी एसीआर चालू असल्याचं त्यांना दिसलं. चांगली बातमीही त्याच अभ्यासात आहे: सेटिंगमध्ये जाऊन नकार दिल्यावर ही वाहतूक थांबली.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्पष्ट आणि माहितीपूर्ण संमती मागतो. ती आपण कधी देतो? नवा टीव्ही भिंतीवर चढतो, मेकॅनिक घाईत असतो, घरातली मुलं ‘लाव ना, लाव ना’ करत असतात आणि कुणीतरी चार वेळा ‘ॲग्री’ दाबतं. आमच्याकडे ते मीच दाबलं होतं.

आज घरी गेल्यावर काय बघाल?

रिमोटवरून सेटिंग्ज, त्यात पिक्चर. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर सिनेमासाठी तो निवडा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. स्मूदिंगला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय: सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, अनेक स्वस्त ब्रँडमध्ये ‘एमईएमसी’. ते ऑफ करा. बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआय, सेट-टॉप बॉक्स आणि ॲप यांची सेटिंग वेगवेगळी लक्षात राहते, म्हणून एकदा बंद केलं म्हणजे सगळीकडे झालं असं समजू नका.

नोंदीसाठी प्रायव्हसी किंवा टर्म्सच्या पानावर जा. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीत ‘लाइव्ह प्लस’ ही नावं शोधा. मेनू मॉडेलप्रमाणे बदलतात, पण ‘व्ह्यूइंग’ हा शब्द दिसला की थांबून वाचा. बंद केल्याने सिनेमा दिसायचा थांबत नाही.

आमच्या घरी हे सगळं करायला सात मिनिटं लागली, त्यातली चार वाय-फायचा पासवर्ड शोधण्यात गेली. मग बाबांना बोलावून ‘पिंजरा’ परत लावला. ते उभ्यानेच दोन मिनिटं बघत राहिले, मग चष्मा पुसून बसले. आईला म्हणाले, ‘त्या थेंबांनी फरक पडला बघ.’ मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आणि हो, सातपैकी माझ्या मनाचं फीचर कोणतं, हे राहिलंच. ‘रुमाल अलर्ट’. सिनेमात कुत्रा मरतो का हे आधी सांगणारी ‘डझ द डॉग डाय’ नावाची वेबसाइट आहे, पण बीप देणारा टीव्ही मला तरी सापडला नाही. हे मी आत्याला फोन करून सांगितलं. वास, चव, डास सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ‘ते राहू दे गं. मी त्या रुमालवाल्यासाठीच विचारत होते.’